बेतवेच्या काठची छत्रीवासी मंडळी

किला गेटच्या मुक्कामाहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असे नदीकाठचे गाव कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही ओरछ्याचे नाव घेतो. झाशीपर्यंत आगगाडी आणि पुढे पंधरा-सोळा किलोमीटर रस्ता. वाटेत आंतरी लागते. अबुल फजलची कबर तेथेच आहे. १६०२ मध्ये सलीमसाठी त्याचा वध घडविणाऱ्या वीरसिंहदेव बुंदेल्याच्या राजधानीकडे आपण निघालेले असतो, हे मुलांना अवश्य सांगावे.

रामराजाचे दर्शन आणि जहांगीर महाल कोणी चुकवीत नाही. त्यांविषयी येथे लिहीत नाही. पावसाळा ओसरल्यावर बेतवेचे पाणी निवळते, खडकांतून वाट काढीत ते हिरवे-निळे होऊन वाहते. मग नावा निघतात. धाडसी मंडळींसाठी रबरी तराफेही असतात. पलीकडे १९९४ मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे. नावेतून मागे वळून पाहिले की बुंदेला राजांच्या छत्र्या एका ओळीत उभ्या दिसतात. लष्करच्या शिंद्यांच्या छत्र्या पाहत वाढलेल्या आपणांस हा शब्द परका नाही. मात्र ओरछ्याच्या छत्र्यांवर वस्ती आहे ती गिधाडांची!

गिधाड म्हटले की आपल्या घरांत अजूनही नाके मुरडली जातात. परंतु लांब चोचीची ही जात १९९२ पासून पंधरा वर्षांत देशभरात शेकडा पंच्याण्णवांहून अधिक घटली. कारण निघाले ते गोठ्यातले. दुखऱ्या जनावरास डायक्लोफिनॅक टोचावे, ते जनावर दगावावे, त्याचे मांस गिधाडाने खावे आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडानेही मरावे, असा तो क्रम होता. २००६ मध्ये पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस अपायकारक ठरलेले नाही. आपल्यापैकी ज्यांची डबरा-भितरवारकडे शेती व गुरे आहेत, त्यांनी पशुवैद्यांस हे नाव आवर्जून सांगावे. गिधाडे लांबवर भरारी घेतात. तिकडचे मेलेले ढोर ओरछ्याच्या पाहुण्याच्या पानात पडणारच नाही, असे कोणी समजू नये.

हिवाळा हाच या पक्ष्यांच्या विणीचा काळ, आणि आपल्या सहलींचाही. छत्रीच्या जिन्याने वर चढून घरट्याजवळ छायाचित्र काढण्याची हौस आम्हांस मुळीच मान्य नाही. नावाड्यास नाव क्षणभर थांबवावयास सांगावे. दुर्बीण मात्र घरून न्यावी.