लॅक्टोमीटर काय सांगतो, काय नाही



‘लॅक्टोमीटर वर राहिला म्हणजे दूध शुद्ध’ हे एका वाचकाने पत्रात मांडलेले मत मला पटले नाही. गावच्या दूध संकलन केंद्रावर मी बरीच वर्षे नमुने तपासले, म्हणून लिहितो.

लॅक्टोमीटर फक्त घनता मोजतो. गाईच्या चांगल्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२, म्हणजे लिटरभर दुधाचे वस्तुमान सुमारे १०३० ग्रॅम. पाणी घातले की आकडा उतरतो, इथवर पत्रलेखकाचे बरोबर आहे. पण फॅट पाण्याहून हलके असते. साय काढली की घनता वाढून १.०३५च्या आसपास जाते. अशा नऊ लिटरांत एक लिटर पाणी ओता, आकडा १.०३१ किंवा थोडा वर येतो. आकडा उत्तम, दूध मात्र पातळ! साखर किंवा युरिया मिसळूनही घसरलेली घनता सावरता येते. म्हणूनच फॅट वेगळे तपासावे लागते आणि भेसळीच्या रासायनिक चाचण्याही कराव्या लागतात.

नमुना कसा घ्यावा, याचा तर पत्रलेखकाने उल्लेखही केलेला नाही. कॅन न ढवळता वरवरचे दूध घेतले तर त्यात साय जास्त येते, आकडा कमी दिसतो. नुकतेच काढलेले, फेसाळ, कोमट दूधही हलके भरते. अशा घाईच्या मापामुळे प्रामाणिक शेतकऱ्याचे दूध परत गेलेले मी पाहिले आहे. तो माणूस भरलेली किटली घेऊन तसाच घरी चालत गेला होता.

– एक वाचक, जि. सांगली