हिरव्या डब्यातील पावडर आणि कोंबडीची लस



मागील महिन्यात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. इंदूरहून महूकडे जाताना त्याची शेड लागते. अंड्यांसाठी त्याने ५०० कोंबड्या पाळल्या होत्या; राणीखेत रोगात त्यांपैकी दीडशे गेल्या. "सर, हळद, लसूण, ओवा, शेवग्याचा पाला असलेली पावडर खाद्यात देत होतो. सगळे नैसर्गिक, म्हणून लासोटाची लस थांबवली," तो म्हणाला. मला फार वाईट वाटले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ज्याला 'नुस्खा' म्हणतात, त्यावर आपल्या सर्वांचाच लवकर विश्वास बसतो. परंतु राणीखेत हा विषाणूचा रोग आहे. त्यापासून बचाव लसीने आणि स्वच्छतेने होतो. हळद-लसूण लसीची जागा घेऊ शकत नाहीत.

याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. वाढीसाठी खाद्यात रोज थोडे थोडे प्रतिजैविक घालण्याने औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. त्याची किंमत उद्या आपल्या मुलांना आजारपणात मोजावी लागेल. म्हणूनच युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ही पद्धत बंद केली. भारतानेही २०१९ मध्ये जनावरे व कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. तेव्हा वनस्पतींकडे वळणे योग्यच आहे.

मात्र प्रत्येक दावा वेगळा तपासला पाहिजे. झेंडूच्या पाकळ्यांनी बलकाचा रंग गडद होतो, हे सिद्ध आहे. पण रंग गडद म्हणजे अंडे अधिक पौष्टिक, असे नव्हे. लसूण, ओवा यांचे निष्कर्ष काही प्रयोगांत चांगले आले, काहींत फरकच दिसला नाही. जमीन, हंगाम, वाळवण्याची रीत आणि मात्रा बदलली की पाल्याचा गुणही बदलतो.

माझे मत असे, की पावडर जरूर वापरावी, पण मोजून. ५०-५० कोंबड्यांचे दोन गट करावेत. खाद्य, पाणी, उजेड, लस सर्व सारखे. पावडर एकाच गटाला. आठ आठवडे रोजची अंडी, फुटकी अंडी, खाल्लेले खाद्य आणि मरतुक वहीत लिहावी. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे ५०० कोंबड्यांना रोज ५५ किलो खाद्य लागते. एवढ्या खाद्यात रोज पावडर मिसळायची, तर तिचा खर्च अंड्यांतून निघतो का, हे वहीच सांगेल.

त्या विद्यार्थ्याने लस पुन्हा सुरू केली आहे. वही मांडून देण्यास आपल्या आठवीच्या मुलांनी पुढे यावे. सरासरी आणि टक्केवारी आपण त्यांना शिकवतो, ती अशा वेळी कामी यावी, हीच अपेक्षा.

आपला,
मुख्याध्यापक