वायुविश्लेषक यंत्रांच्या दुरुस्तीसमयी कामगारांच्या जीविताच्या सुरक्षिततेबाबत निवेदन

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
ता. खामगाव, जि. बुलढाणा

महोदय,

गेल्या आषाढात, त्यानंतर दसऱ्याला आणि पुन्हा पाडव्याच्या तोंडावर अशी तीन निवेदने आम्ही आपल्या दफ्तरी दाखल केली. तिन्ही वेळा ‘तजवीज करतो’ एवढे तोंडी अभिवचन मिळाले, लेखी पोच एकदाही मिळाली नाही. हे चौथे निवेदन आहे. नियम आपणांस विदित आहेतच, म्हणून ते येथे पुन्हा उतरवीत नाही.

सोयाबीन व सरकीच्या ढेपेतून तेल काढण्यासाठी आपण जे हेक्झेन वापरतो, त्याची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने पंपांच्या खड्ड्यांत, केबलच्या चरांत व गटारांत साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण १.१ टक्क्यावर गेले म्हणजे एक ठिणगी पुरते. ही वाफ वेळीच ओळखावी म्हणून बसविलेल्या सेन्सरपैकी पंपघरातील सेन्सर गेला संपूर्ण हंगाम शून्य दाखवीत होता. वाफ नाही म्हणून येणारे शून्य आणि सेन्सर मेला म्हणून येणारे शून्य पॅनेलवर एकसारखेच दिसते; त्यांतील भेद कळण्यास चाचणीचा गॅस सोडून पाहण्यावाचून मार्ग नाही, आणि त्या गॅसच्या सिलिंडरची मुदत केव्हाच टळली आहे. नवे सिलिंडर दसऱ्यापर्यंत आणण्याचे आपण कबूल केले होते. शेजारच्या यंत्रांवर सिलिकोनचा फवारा सर्रास मारला जातो आणि त्या सिलिकोनने या उत्प्रेरक जातीच्या सेन्सरमधील वाफ ओळखणारा मणी निकामी होतो, हेही आम्ही दुसऱ्या निवेदनात लिहिले होते.

त्याच सेन्सरचा दोष शोधण्यास आमच्यापैकी एकास रात्रपाळीत एकट्याने पाठविले, तेव्हा माल अडकेल म्हणून प्लॅन्ट चालू ठेवला, अलार्मचा इंटरलॉक बायपास केला आणि विद्युत्प्रवाह न तोडता ज्वालारोधक पेटीचे झाकण उघडावयास लावले. काम आटोपल्यावर बायपास काढावयाचे राहिले, पुढच्या पाळीस त्याची वार्ता कोणी दिली नाही, आणि त्या आठ तासांत पंपघरात उतरलेले सर्वजण अलार्म जागा आहे अशा समजुतीनेच वावरत होते. त्या रात्री गळती झाली नाही, हे केवळ दैव. या एका गोष्टीने आमच्या घरांतील माणसांची झोप उडाली आहे. आपली उडू नये याचे नवल वाटते.

तरी आमची मुख्य मागणी अशी की, पेटी उघडण्यापूर्वी प्रवाह तोडून त्याच्या स्विचवर कुलूप व फलक लावावेत. त्या जागेची हवा आधी चाचणी घेतलेल्या, हाती धरावयाच्या डिटेक्टरने मोजून मगच लेखी परमिट द्यावे. दुरुस्तीस दोन माणसे असावीत. आणि बायपास कोणी, कोणत्या वेळी, कोणाच्या हुकुमाने केला व केव्हा काढला याची नोंदवही ठेवून ती प्रत्येक पाळीबदलास दोघांच्या सहीने हवाली व्हावी. ही वही पाडव्यापासून सुरू होणार होती. ज्या टाकीत नायट्रोजन सोडला असेल तेथे आधी प्राणवायू मोजावा, कारण प्राणवायू कमी पडला की या जातीचा सेन्सर वाफ असूनही कमी आकडा दाखवितो.

बॉयलरच्या धुराड्यातील प्राणवायूमापकाचा तप्त प्रोब काढण्यास उष्णतारोधक हातमोजे मिळावेत. विश्लेषक खोलीतील बंद पडलेला पंखाही दुरुस्त व्हावा.

सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी, पंधरा दिवसांच्या आत, या मागण्यांचा लेखी खुलासा व्हावा. तोवर चालू प्लॅन्टमध्ये, प्रवाह असलेल्या पेटीचे झाकण आमच्यापैकी कोणीही उघडणार नाही. या निवेदनाची पोच सहीशिक्क्यानिशी आजच मिळावी, ही विनंती.

आपले नम्र,
उपकरण-देखभाल विभागातील समस्त कामगार