गुलाबी रंग कुणाच्या अंगाचा?
कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत स्तन गमावल्यावर ब्रिटनमधल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हाती जो कृत्रिम स्तन आला, तो फिकट गुलाबी होता. किती लागत असेल ते मनाला! रेडिएशनने त्वचा लाल होते, असं माहितीपत्रकं सांगत आली. काळ्या त्वचेवर ती लाली सहज दिसत नाही, त्वचा आणखी काळवंडते आणि त्रास उशिरा लक्षात येतो. किमोथेरपीत केस वाचवणारी थंड टोपीसुद्धा दाट, कुरळ्या केसांवर नीट बसत नाही. या स्त्रिया रुग्ण म्हणून कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हत्या, असं मला वाटतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्याने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. या स्त्रियांना आधार देणारे गट त्यांच्यातूनच उभे राहिले: १९९४मध्ये ह्यूस्टनच्या कॅरन जॅक्सन यांनी ‘सिस्टर्स नेटवर्क’ सुरू केलं. लंडनच्या लिअ‍ॅन पेरो यांनी स्वतःच्या आजारपणानंतर ‘ब्लॅक विमेन रायझिंग’ उभं केलं. अशा गटांना रुग्णालयांनी नुसती पत्रकं वाटायला बोलावू नये. कोणत्या रंगांचे कृत्रिम स्तन मागवायचे, पत्रकात कुणाच्या त्वचेचे फोटो छापायचे, हे ठरवणाऱ्या समितीत त्यांना मानधनासह जागा हवी.