गंगाजल, जिवाणू आणि कावीळ

काशीच्या दशाश्वमेध घाटाजवळील अहिल्याबाई घाटावर स्नान आणि आचमन करणाऱ्या यात्रेकरूंमध्ये, तसेच त्यांची बाजू मांडणाऱ्या काही सुशिक्षितांमध्ये, असे मत रूढ आहे की गंगाजल स्वतःच स्वतःला शुद्ध करते आणि म्हणून त्यापासून रोग संभवत नाही. या पूर्वपक्षाला केवळ श्रद्धेचा नव्हे, तर प्रयोगशाळेचाही आधार आहे, त्यामुळे त्याची वासलात चार उपहासाच्या शब्दांत लावणे अन्यायाचे होईल. पटकीचे जंतू गंगा-यमुनेच्या पाण्यात काही तासांत मरतात, मात्र ते पाणी उकळले की ही शक्ती नाहीशी होते, असे आग्र्यात काम करणारे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. आणि १९१७ मध्ये फेलिक्स द'एरेल यांनी जिवाणूंना मारणाऱ्या सूक्ष्म विषाणूंना ‘बॅक्टेरिओफेज’ म्हणजे जिवाणूभक्षी हे नाव दिल्यावर हॅन्किन यांच्या निरीक्षणाचा उलगडा त्या दिशेने होऊ लागला.

परंतु या आधारातून काढलेला निष्कर्ष आधारापेक्षा फार मोठा आहे. जिवाणूभक्षी ठरावीक जिवाणूच्याच कवचाला चिकटतो आणि त्याच्याच पेशीत वाढून तिला फोडतो. यकृताला ग्रासणारा हिपॅटायटिस ई हा जिवाणू नसून विषाणू आहे, आणि त्याच्याकडे जिवाणूभक्षीला धरता येईल अशी पेशीच नसते. हा भेद किती महागात पडतो, हे दिल्लीने १९५५-५६ मध्ये पाहिले. नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेच्या पाणीउपशात शिरले, तेव्हा क्लोरीनची मात्रा वाढवल्याने विषमज्वर किंवा आमांश फैलावला नाही, पण कावीळ सुमारे २९,००० जणांना झाली. ही साथ हिपॅटायटिस ए ची नव्हती, हे जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीतून उघड झाले, आणि त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा वाटा होता. पुढे १९९१ च्या सुमारास कानपुरात, म्हणजे काशीच्या वरच्या अंगाला आणि त्याच गंगेच्या काठी, हिपॅटायटिस ई ने अंदाजे ७९,००० जणांना गाठले; कूपनलिकांच्या पाण्यावर असलेल्या वस्त्यांपेक्षा नदीचे पाणी पिणाऱ्या वस्त्यांत लागण अधिक होती.

पिढ्यान्‌पिढ्या लोक हेच पाणी पीत आले आणि त्यांना काही झाले नाही, हा दुसरा युक्तिवाद वाचलेल्यांच्या साक्षीवर उभा आहे. या रोगातून बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, हे खरे. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत लागण झाली तर शेकडा २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात, आणि त्यांची साक्ष घाटावर कोणाच्या कानी पडत नाही.

आता यकृत निकामी झाले तरी प्रत्यारोपण आहेच, असे सांगणारा तिसरा पक्ष. निरोगी नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा काढून रुग्णाला जोडता येतो आणि दोन्ही भाग पुन्हा वाढतात, ही आधुनिक शल्यविद्येची थोर कामगिरी आहे. १९९४ च्या कायद्याने मेंदुमृत दात्याच्या अवयवाचा मार्गही भारतात मोकळा झाला. परंतु तीव्र यकृत-निकामीत हातात जेमतेम काही दिवस असतात, तेवढ्यात दाता, पैसा आणि शस्त्रक्रियागृह जुळावे लागते, आणि हजारोंच्या साथीला हा उपाय पुरत नाही. शिवाय नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून रुग्ण जन्मभर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेतो. अशा रुग्णांत हा विषाणू दीर्घकाळ ठाण मांडू शकतो, असे फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. तेथील विषाणूचा प्रकार वेगळा असून भारतात आढळणारा प्रकार सहसा जुनाट होत नाही. तरीही प्रत्यारोपण झालेल्याने नदीतून थेट आचमन करू नये, हे त्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले पाहिजे.

म्हणून तीर्थस्नानच त्याज्य आहे, असा आग्रह धरणाऱ्या सुधारकांचेही येथे खंडन करणे आवश्यक आहे, कारण ओंजळभर पाण्याने अर्घ्य देणारा भाविक नदी बिघडवत नाही, ती शहराच्या नाल्यांनी बिघडते. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विद्यापीठातील जल-अभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन स्थापून तुळशी घाटावर पाण्याच्या तपासणीचे काम उभे केले आणि नित्य गंगास्नानाचा नेमही सोडला नाही. भक्ती आणि परीक्षण एकाच माणसात नांदू शकतात, याहून सबळ प्रमाण काय हवे? ज्या अहिल्याबाईंचे नाव या घाटाला आहे, त्यांनीही घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधून लोकोपयोगी बांधकामालाच धर्मकार्य मानले. त्या परंपरेत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र परके ठरत नाही. विष्ठेतील जिवाणूंची मोजणी आज होते, परंतु दिल्लीच्या अनुभवानंतर केवळ तिच्यावर विसंबणे चुकीचे आहे. घाटाकाठच्या पाण्यात यकृतदाहाच्या विषाणूंचा शोध नियमित घेतला जावा, त्याचे निष्कर्ष घाटावरच हिंदी, मराठी, तमिळ आणि बंगाली भाषांत लावले जावेत, आणि गरोदर स्त्रियांना तीर्थ द्यायचे ते उकळूनच द्यावे. उकळल्याने हॅन्किन यांना दिसलेली शक्ती जाईल, पण विषाणूही जाईल.