दोष लॅपटॉपचा नाही

लॅपटॉपवर गाणं ऐकणं म्हणजे गाण्याचा अपमान, असं आमच्या पुंडलिकनगरात गाण्यावर जीव टाकणारी माणसंही म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नाही. हेडफोनच्या जॅकमधून ॲम्प्लिफायर जोडला की कधी तंबोऱ्याच्या मागे गुणगुण येते, कधी माउस हलवताना चरचर होते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. फाइलमधले आकडे शुद्धच असतात. प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याच्या शेजारी, त्याच डब्यात त्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर होतं, तिथे गोंगाट शिरतो. ते काम यूएसबीवरच्या वेगळ्या डॅककडे, म्हणजे हेच रूपांतर करणाऱ्या उपकरणाकडे, सोपवा आणि लॅपटॉपकडून नुसते आकडे घ्या. आजचे बरेचसे डॅक स्वतःच्या घड्याळावर चालतात, त्यामुळे लॅपटॉपचं घड्याळ डळमळतं हा आक्षेपही उरत नाही.

मग प्रतिपक्ष केबलकडे वळतो. महागड्या यूएसबी केबलने आवाज गोड होतो म्हणे! आकडे पोचले नाहीत तर टकटक ऐकू येते, आवाज तुटतो. खर्जाचा भरदारपणा तेवढा कमी होऊन बाकी गाणं शाबूत राहील, असं घडत नाही. धड, आखूड केबल पुरते.

'हाय-रेझ'चा, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या फाइलींचा, आग्रह जास्त चिवट आहे. १९८२ साली बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, म्हणजे साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरते. तरुण कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि वयाबरोबर ती घसरतेच. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर आणला जाई. श्रोत्यांना तो ५५४ पैकी २७६ वेळा ओळखता आला. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा प्रमाण ५२ टक्क्यांच्या जरा वर निघालं. तो निकाल मी लपवणार नाही, पण त्या फरकासाठी पदरमोड करा असंही सांगणार नाही. रेकॉर्डिंग करताना दर नमुन्याला २४ बिट हवेतच, ऐकताना नकोत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या १९२ किलोहर्ट्झ नमुना-दराच्या फाइलमध्ये भरल्या, तरी तबकडीत जे उतरलंच नाही ते येणार कुठून?

फुकटात होणारी कामं मात्र कुणी करत नाही. विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एकत्र करतो आणि गरज पडली तर नमुन्यांचा दरही बदलतो. प्लेअरमध्ये वासापी या विंडोजच्याच ध्वनियंत्रणेचा एक्स्क्लुझिव्ह मोड लावला की तो बाजूला होतो. फरक दर वेळी कानाला जाणवेलच असं नाही, पण खर्च शून्य आहे. डॅक असताना ब्लूटूथ कशाला? त्यात आवाज सहसा काटछाट होऊनच पुढे जातो.

डॅक लावूनही गुणगुण राहिली तर चार्जर काढून पाहा. ती थांबली तर बहुधा अर्थिंगमधला घोळ आहे. अशा वेळी चार्जरची तिसरी पिन तोडायला सांगणारे भेटतात. हा सल्ला जिवावर बेतू शकतो. तो मुळीच ऐकू नका. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आणि वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. टाइल्सच्या फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत सतरंजी अंथरून, जाड पडदे लावून, स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढून जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही केबलने पडत नाही.