चहाची 'टी', झाडाची 'ट्री'
मराठीत दीर्घ ई ऐकू आली की दुसरी वेलांटी दिली, काम झाले! इंग्रजीत तोच उच्चार 'ट्री'मध्ये डबल ई, 'टी'मध्ये ई-ए, तर 'फील्ड'मध्ये आय-ई. मुलाने चहाच्या 'टी'ला डबल ई लावली तर रागावू नका, त्याचा कान बरोबर आहे.

इंग्लंडमध्ये १४७६ साली छापखाना आला तेव्हा भेटण्याचे 'मीट' आणि मांसाचे 'मीट' यांचे उच्चार वेगळे होते. पुढे उच्चार एक झाले, स्पेलिंग वेगळीच राहिली.

आधी आठवडाभर फक्त डबल ई घ्या: ट्री, ग्रीन, स्लीप. ती पक्की झाली की मगच ई-ए: टी, ईट, समुद्राचा सी. 'मग ब्रेडला ब्रीड का नाही म्हणत?' असे मुलाने विचारले, तर शाबासकी द्या आणि असे हट्टी शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगा.